गणपतीला स्वतःची गाडी घेऊन कोकणात: घाट, ब्रेक, पाऊस आणि एएमटीचं काय करायचं?

शंकासूर
नमस्कार मंडळी. दरवर्षी गणपतीला रेल्वे नाहीतर ट्रॅव्हल्स असं चालायचं पण यंदा वेटिंग लिस्ट बघून बायको म्हणाली की गाडी दारात उभी आहे ती काय नुसती धुवायला घेतलीये का. तर ठाण्याहून कुडाळला पहिल्यांदाच स्वतः चालवत जायचं ठरलंय. गाडी पेट्रोल हॅचबॅक, एएमटी (क्लचचं पेडल नाही, गिअर गाडीच बदलते), आजवर ठाणे-मुंबई आणि फार तर लोणावळा. आम्ही तीन मोठे, दोन मुलं आणि सामान (बायकोच्या मते थोडं, डिकीच्या मते जास्त).

प्रश्न असे की, एक, मुंबई-गोवा हायवेने सरळ जावं की पुणे-कोल्हापूर करून फोंडा घाट नाहीतर आंबोली घाट उतरावा? दोन, सासरे म्हणतायत उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची, पेट्रोल वाचतं, आमची फियाट आयुष्यभर अशीच उतरली. मला ते काही बरोबर वाटत नाहीये पण सासऱ्यांशी वाद घालायला मुद्दे हवेत. तीन, एएमटी स्वतःच गिअर बदलते तर घाटात आपण वेगळं काही करायचं असतं का? आणि जायच्या आधी गॅरेजमध्ये काय काय बघून घेऊ?

जुनापाना
सासऱ्यांपासून सुरू करू, ते जास्त महत्त्वाचं आहे.

न्यूट्रलला पेट्रोल वाचतं हे कार्बोरेटरच्या गाड्यांच्या काळातलं आहे आणि तेव्हाही ते धोक्याचंच होतं. आताच्या सगळ्या गाड्या फ्युएल इंजेक्शनवाल्या. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलाय आणि गाडी उतारावर चाललीये म्हटल्यावर चाकंच इंजिनला फिरवत असतात, तेव्हा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जवळजवळ पूर्ण बंद करतो. न्यूट्रलला टाकलंत की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला आयडलिंगचं पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये उलट जास्त जातं. हा मुद्दा सासऱ्यांना सांगा, पैशाचं लवकर पटतं.

आता खरा मुद्दा. गाडी उतारावर वेग घेते तो कुठेतरी खर्ची पडला पाहिजे. गिअरमध्ये असेल तर बराचसा इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये सगळाच्या सगळा ब्रेकवर येतो. पाच माणसं, भरलेली डिकी, फोंड्याचा उतार, पायाखाली ब्रेक सतत थोडासा दाबलेला, अशा वेळी पॅड आणि डिस्क इतके तापतात की पॅडची पकडच कमी होते. पेडल दाबतोय तेवढंच दाबतोय पण गाडी पहिल्यासारखी थांबत नाही. पुढची पायरी म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पेडल सरळ खाली जातं आणि खाली काही लागतच नाही.

म्हणून नियम जुनाच, ज्या गिअरमध्ये गाडी हा चढ चढली असती त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. आणि गिअर खाली टाकायचा तो उतार सुरू व्हायच्या आधी, वळण दिसल्यावर नाही. त्यावरही ब्रेक लागेलच, पण तो असा लावायचा की एकदा नीट दाबायचा, वेग पुरेसा खाली आणायचा, आणि पाय पूर्ण उचलायचा. पाय पेडलवर ठेवून उतरत राहायचं नाही. मधल्या वेळात हवेने ब्रेक थंड होतात.

शंकासूर
काका हे प्रिंट काढून नेतो. पण एएमटीला मी चढेन त्या गिअरमध्ये उतरणार कसा, तो तर गाडी ठरवते ना?

अनघा_डोंबिवली
मी एएमटीच चालवते आणि माहेर देवरुख, तर आंबा घाट पाठ आहे. डी वर ठेवून उतरू नकोस. होतं काय की तू ॲक्सिलरेटर सोडलास, गाडीचा वेग वाढला, की तिला वाटतं आता आरामात चाललोय तर वरचा गिअर टाकू. नेमकं उलटं. मग तू ब्रेक मारतोस, ती खाली येते, सोडलास की परत वर. त्यापेक्षा घाट सुरू व्हायच्या आधी लिव्हर मॅन्युअल मोडला घ्यायचा (ती अधिक-उणेची खूण असते ना तिकडे), दुसऱ्यावर आणायचा आणि तसंच राहायचं. सरळ पट्टा आला तर तिसरा, अगदी पिळदार वळण आलं तर पहिला. इंजिन थोडं ओरडतं, आपल्याला वाटतं गाडीला त्रास होतोय. काही होत नाही, काट्याच्या लाल भागात जात नाही तोवर ओरडू देत.

आणि चढताना एक, ट्रॅफिकमध्ये चढावर थांबलास तर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नकोस. एएमटीत क्लच असतोच, फक्त तो तुझ्या पायाऐवजी मशीन दाबतं. तोलून धरलीस की क्लच जळतो, वास येतो, मग डॅशबोर्डवर ट्रान्समिशन गरम झाल्याचा दिवा. ब्रेक दाबून थांब, निघताना हँडब्रेकवर निघ. हिल होल्ड (चढावर निघताना गाडी मागे न जाऊ देणारी सोय) असेल तर प्रश्नच नाही.

कोल्हापूरकर
रूटचं मी सांगतो भावा. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबई-गोवा हायवेवर माणगाव आणि इंदापूरला जो अडकतोस ना, तेवढ्यात माणूस कोल्हापुरात येऊन तांबडा-पांढरा जेवून राधानगरीपर्यंत जातोय. पण तुझं शेवटचं टोक कुडाळ आहे, त्यामुळं फोंडा उतरलास की कणकवली आणि तिथनं खाली, एकदम सोयीचं. आंबोली उतरलास तर सावंतवाडीहून उलटं वर यावं लागतंय, रस्ता तसा देखणा आहे पण धबधब्यापाशी गर्दी म्हणजे विचारू नको. गगनबावड्याचा रस्ता निघायच्या आधी चालू आहे का विचारून घे, तिथल्या करूळ घाटाचं काम लई दिवस चाललेलं.

राधानगरी-दाजीपूर पट्ट्यात मात्र जंगल आहे, रात्री गवे रस्त्यावर येतात. दिसला तर थांब, डिपर दे, हॉर्न मारत अंगावर जाऊ नको. दिवसाउजेडी उतर म्हणजे झालं.

ठाणेकर_२
आम्ही मात्र हायवेनेच जातो. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट वाचतो, आणि गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफीचा पास मिळतो, तो घेऊन ठेवायचा. अवजड गाड्यांना पण त्या दिवसांत बंदी असते. फक्त रात्री १२ ला निघून पहाटे पोहोचायचं जे सगळे करतात ते टाळा. पहाटे तीन ते पाच ही वेळ वाईट, डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. आम्ही आता सरळ पहाटे साडेचारला झोप पूर्ण करून निघतो.

चिपळूणचा_बाबू
मी गॅरेज चालवतो, गणपतीच्या दोन दिवस आधीपासून माझ्याकडे मुंबईच्या गाड्यांची रांग असते आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या घरूनच बघून आल्या असत्या तर लोकं आरतीला वेळेत पोचली असती. तर निघायच्या आठवडाभर आधी गाडी दाखवा, आदल्या दिवशी नको, कारण काही बदलायचं निघालं तर पार्ट यायला वेळ लागतो.

पहिलं ब्रेक ऑइल. इंजिन ऑइल सगळे बदलतात, ब्रेक ऑइल कुणी विचारत नाही. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. वर काकांनी उकळतं म्हणून लिहिलंय ना, डॉट ४ चं नवं तेल निदान २३० डिग्रीला उकळतं, पण त्यात पाणी मुरलं की तोच आकडा १५५ पर्यंत खाली येतो. घाटात ब्रेक तापले की एवढं तापमान गाठायला वेळ लागत नाही. दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी किती का कमी चालली असेना. काळपट झालं असेल तर आजच.

दुसरं पॅड, आणि मागच्या ड्रमचे लायनर. चाक काढून बघायला सांगा, बाहेरून टॉर्च मारून ‘ठीक आहे साहेब’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तिसरं टायर. खोबणीच्या मध्ये छोटे उंचवटे असतात, रबर घासून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे १.६ मिमी उरलं, ती कायद्याची शेवटची मर्यादा. पण कोकणातल्या पावसाला तेवढी पुरत नाही, पाणी बाहेर फेकायला जागाच राहात नाही, मी तर ३ मिमीच्या खाली आला की बदला म्हणतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला. शहरात कमी चाललेल्या गाडीचे टायर दिसायला नवे असतात आणि रबर दगडासारखं कडक झालेलं असतं, तो ओल्या रस्त्यावर पकडत नाही. हवा गार टायरला बघायची, आणि पाच माणसं सामानासकट असाल तर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो त्यात पूर्ण लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो, तेवढी भरा.

आणि स्टेपनी! तिची हवा बघा. माझ्याकडे येतात तेव्हा निम्म्या स्टेपन्या बसलेल्या असतात. जॅक आणि पाना गाडीत आहे का तेही बघा, सोसायटीत कोणाला तरी दिलेला असतो.

वऱ्हाडी_ठेचा
बाबूभाऊ एकदम कामाचं सांगितलं. आमच्याकडं समृद्धीवर हेच पाहून राहिलो ना, घाट नाही काही नाही, सरळ रस्ता, उन्हाळ्यात तापलेलं काँक्रीट, जुने टायर, कमी हवा आणि लोकं तासन् तास एकाच वेगात. कमी हवेचा टायर जास्त चेपतो म्हणून जास्त तापतो आणि फुटतो. लोकांना वाटते हवा कमी ठेवली की फुटणार नाही. उलटंच आहे बाप्पा.

शंकासूर
टायर बघून आलो. तीन ‘०८२१’ आणि एक ‘३०२२’. खोबणी बरी दिसतेय. स्टेपनी बाकीच्या टायरपेक्षा बारकी आहे, हे नॉर्मल आहे का??

चिपळूणचा_बाबू
नॉर्मल. हल्ली बऱ्याच गाड्यांना तशीच देतात. त्यावर वेगाचा आकडा छापलेला असतो, बहुतेक ८०, त्याच्या वर न्यायची नाही आणि पंक्चर काढलं की लगेच मूळ चाक लावायचं. तिच्यावर घाट उतरू नका शक्यतो.

मीनल_सांगली
पावसाचं कोणी लिहिलं नाही अजून. मला ट्रॅफिकपेक्षा काचेची भीती वाटते. ताम्हिणीत एकदा आतून काच अशी धुरकट झाली की कपड्याने पुसत पुसत चाललो होतो, नवरा चालवतोय आणि मी पुसतेय. ह्याचं नेमकं काय करायचं असतं?

अनघा_डोंबिवली
मीनल, एसी चालू, हवा समोरच्या काचेवर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते हवा आतल्या आत फिरवायचं बटण असतं ना, गाडीच्या चित्रात गोल बाण, ते बंद. बाहेरची हवा आत येऊ दे. पाच माणसांचा श्वास आणि ओल्या छत्र्यांची वाफ आतच फिरत राहते म्हणून काच धुरकटते. एसी ती हवा कोरडी करतो, पावसात थंडी वाजते म्हणून लोकं एसी बंद करतात तिथेच घोळ होतो. थंडी वाजत असेल तर हीटरचा नॉब फिरव पण एसी चालू ठेव.

कधीकधी बाहेरून धुरकटते. वायपर मारला की साफ होतं आणि परत येतं. तेव्हा एसी फार गार झालाय असं समज, तापमान थोडं वाढव.

जुनापाना
ह्यात वायपरचं रबर पण जोडा. उन्हाळाभर काचेवर भाजलेलं असतं. रेघा सोडत असेल तर नवीन टाका, घाटात रात्री समोरून दिवे आले की त्या रेघांवर सगळा उजेड पसरतो. काच आतून पण स्वच्छ पुसायची, आतल्या तेलकट थराकडे कुणाचं लक्ष नसतं.

धुक्यात अप्पर लावू नका, धुक्यावरून उजेड परत आपल्याच डोळ्यात येतो. डिपरच. आणि चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावायची जी फॅशन आलीये ती कृपा करून बंद करा. पाऊस आला की सगळा हायवे लुकलुकायला लागतो. मागच्याला कळत नाही तुम्ही थांबलाय की चाललाय, आणि तुम्ही वळणार असाल तर इंडिकेटर दाखवायला शिल्लकच नाही. ते बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीला हेडलाईट लावले की मागचे लाल दिवे आपोआप लागतात.

पुणेरी_पाटी
काही दुरुस्त्या सुचवतो, राग नसावा. वर कोणीतरी ‘अवजड गाड्यांना बंदी असते’ म्हटलंय, ती ठराविक तारखांपुरती असते आणि अत्यावश्यक वस्तूंच्या गाड्यांना सूट असते. तेव्हा दुधाचा टँकर समोर आला म्हणून चिडू नये.

दुसरं, अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर गाड्या आल्या तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. हा शिष्टाचार नाही, नियम आहे. चढणारी गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलायला त्रास. ‘मी आधी आलोय’ हा युक्तिवाद घाटात चालत नाही, पेठेत चालतो.

कोल्हापूरकर
पेठेत तरी कुठं चालतोय 😂
ह्याच्यातच एसटीचं जोडतो. यू वळणावर समोरनं एसटी येताना दिसली तर वळणाच्या अलीकडंच थांबायचं. तिला वळायला आख्खा रस्ता लागतोय, शेपूट बाहेर येतंय. नवीन लोकं वळणात घुसतात, मग ड्रायव्हर वरून बघतोय, हा खालून बघतोय, आणि मागं दोन्हीकडं वीस-वीस गाड्या. वळणाआधी एक हॉर्न, आपली डावी बाजू सोडायची नाही, आणि वळण कापून आतनं घ्यायचं नाही.

सुमेध_स्टुटगार्ट
इकडून एक. आल्प्समध्ये उतारावर खालचा गिअर वापरा अशा पाट्याच असतात. आपल्याकडे इंजिन ओरडलं की शेजारी बसलेला ओरडतो. शंकासूर, गाडी ‘नव्या’ वळणाची असेल तर एबीएसची (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम न होऊ देणारी यंत्रणा) सवय करून घे. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना ते आलंय पण कितीतरी लोकांनी ते कधी अनुभवलेलंच नाही. जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थडथडतं, आवाज येतो, आणि माणूस घाबरून पाय उचलतो. उचलायचा नाही. दाबून धरायचा आणि स्टिअरिंगने वाट काढायची, एबीएस त्यासाठीच आहे. रिकाम्या मैदानात ओल्या जमिनीवर, मुलं गाडीत नसताना, कमी वेगात करून बघ.

आणि हायवेवर साचलेल्या पाण्यावरून वेगात गेलं की गाडी तरंगते, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तेव्हा ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग फिरवायचं नाही, ॲक्सिलरेटर सोडून सरळ धरायचं, टायर परत जमिनीला लागेपर्यंत. पावसात क्रूझ कंट्रोल बंद.

चिपळूणचा_बाबू
पाण्याचा विषय निघालाच आहे तर हे वाचा. २२ जुलै २०२१ ला आमच्या चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. त्यानंतर महिने न् महिने आम्ही बुडालेल्या गाड्याच उघडत होतो. त्यात ज्या नुसत्या उभ्या उभ्या बुडल्या त्यांची इंजिनं बऱ्यापैकी वाचली, वायरिंग आणि सीट गेले ते गेलेच. पण पाणी ओसरल्यावर ज्यांनी ‘बघूया चालू होते का’ म्हणून चावी फिरवली त्यांची इंजिनं गेली. सिलिंडरमध्ये पाणी असतं, पिस्टन वर येतो, हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. तेव्हा पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही. ढकला, टो करा, गॅरेजला आणा. साध्या विम्यात अशा इंजिनाचे पैसे मिळत नाहीत बहुतेक वेळा, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर असतं, पॉलिसी काढून बघा घेतलंय का.

पाण्यातून जायचंच असेल तर अर्ध्या चाकाच्या वर पाणी असेल तर नाही. त्याच्या आत असेल तर पहिल्या गिअरमध्ये, हळू, मध्ये न थांबता, आणि पुढच्या ट्रकच्या लाटेत न जाता. बाहेर आल्यावर दोन-तीनदा ब्रेक हलकेच दाबून कोरडे करा. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर अर्धं चाक वगैरे काही नाही, थांबायचं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल गेला, तिथे गाडी चालवणाऱ्यांची काही चूक नव्हती, अंधारात पूल नाही हे कळणार कसं. वाहतं पाणी दिसतंय तरी जाणाऱ्यांना काय म्हणायचं.

ठाणेकर_२
२६ जुलै २००५ ला मुंबईत लोक गाडीतच अडकून दगावले होते, काचा वर, दारं लॉक. तेव्हापासून मी दाराच्या कप्प्यात काच फोडायची छोटी हातोडी ठेवतो. डिकीत नाही, हाताशी. आणि फोडायची ती बाजूची काच, कोपऱ्यात. समोरची फुटत नाही, तिच्या मध्ये पापुद्रा असतो, तडे जातात फक्त.

मीनल_सांगली
मुलांचं पण बघा हो. शंकासूर, पाच जण म्हणजे मागे तिघं, तिघांना बेल्ट. ‘मागे कशाला’ म्हणणारे अजून आहेत. मागच्यांना पण कायद्याने सक्तीचा आहे आणि दंड १००० रुपये, पण दंडाचं सोडा, ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात झाला त्यात मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता आणि ते दोघंच गेले. पुढचे दोघं वाचले. गाडी केवढी महागाची होती. मांडीवर मूल घेऊन पुढे बसायचं तर अजिबातच नाही, एअरबॅग उघडली तर मूल मध्ये.

आणि मागच्या काचेजवळच्या फळीवर मखर, डबे, नारळ काही ठेवायचं नाही. ब्रेक मारला की नारळ पुढे येतो.

पुणेरी_पाटी
नारळावरून आठवले. डिकी पूर्ण भरली आणि मागे तीन माणसं बसली की गाडीचं मागचं अंग खाली बसतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला एक छोटी चकती असते, ० पासून ३ किंवा ४ पर्यंत आकडे. ती हेडलाईट खाली-वर करण्यासाठी असते. मला भेटलेल्या बहुतेक गाडीमालकांना ती कशासाठी आहे ठाऊक नसते. गाडी भरलेली असेल तर आकडा वाढवा.

शंकासूर
आहे माझ्या गाडीत!! चार वर्षं मला वाटत होतं ती डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायची आहे आणि खराब झालीये 🤦
सासऱ्यांना पेट्रोलचा मुद्दा सांगितला. ‘बरं, तू म्हणतोस तर’ एवढं म्हणाले. म्हणजे पटलं असं धरतो. अजून एक, समजा ब्रेक तापलेच तर कळणार कसं आणि करायचं काय?

जुनापाना
आधी वास येतो, जळक्या रबरासारखा, काहीसा तिखट. मग पेडल मऊ लागतं किंवा नेहमीपेक्षा खोल जातं. वास आला की पुढचं वळण बघू असं करायचं नाही. खालचा गिअर टाकून जिथे रुंद जागा असेल, जिथे मागून येणाऱ्याला तुम्ही लांबून दिसाल तिथे थांबा. इथे मात्र चारी इंडिकेटर लावा. माणसं रस्त्याच्या बाजूला नाही, डोंगराच्या बाजूला उतरवा, आणि दरड सुटलेली दिसत असेल तर तिथे थांबूच नका, थोडं पुढे.

अर्धा-पाऊण तास जाऊ दे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, एकदम गार झाली की ती वाकडी होते, मग कायम ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. हँडब्रेक पण कचकचून ओढून ठेवू नका, गरम ड्रमला लायनर चिकटू शकतात. गाडी गिअरमध्ये ठेवा (एएमटी बंद करताना पण गिअरमध्येच ठेवून बंद करायची) आणि चाकाला दगडाची ओट लावा. निघताना तो दगड उचलून बाजूला टाका! घाटात रस्त्याच्या मध्यावर जे दगड दिसतात ते सगळे दरडीचे नसतात, निम्मे असे ओट लावून विसरलेले असतात, आणि रात्री मोटरसायकलवाला त्याच्यावर जातो.

पेडल एकदम खाली गेलंच तर भराभर तीन-चार वेळा पंप करा, थोडा दाब येतो. त्याच वेळी गिअर खाली, एकेक करत. हँडब्रेक हळूहळू, बटण दाबून धरून, म्हणजे सोडता येतो. शेवटचा उपाय डोंगराच्या बाजूच्या गटारात किंवा मातीच्या दरडीला गाडी घासणे. पत्रा जातो. आणि काही झालं तरी उतारावर इंजिन बंद करू नका, ब्रेकला जी मदत मिळते ती इंजिनच्या व्हॅक्यूमवर असते. इंजिन बंद केलं की दोन-तीन वेळा दाबेपर्यंत ती संपते, मग पेडल दगडासारखं लागतं. पॉवर स्टिअरिंगही जातं.

हेमंत_कल्याण
माझी सीएनजी आहे, तिचं काही वेगळं? डिकीत सिलिंडर असल्याने सामान कॅरिअरवर टाकणार आहे.

चिपळूणचा_बाबू
चढ पेट्रोलवर काढा. सीएनजीवर ताकद कमी पडते, मग लोकं पहिल्यात रेटत बसतात. उताराला काही फरक नाही, फक्त सिलिंडरचं वजन धरून गाडी आधीच जड आहे हे लक्षात ठेवा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तारीख बघा, पंपावर तेच बघून गॅस नाकारतात आणि गणपतीत पंपावरची रांग म्हणजे अर्धा दिवस. पेट्रोलची टाकी भरूनच निघा. कॅरिअरवर जड सामान नको, गाद्या-कपडे टाका. वर वजन टाकलं की गाडी वळणावर कलते आणि तुम्हाला रोजची गाडी वाटतच नाही. ताडपत्री दोरीने नाही, पट्ट्याने बांधा.

पोचल्यावर पण गाडीकडे बघा जरा. गावाला गोठ्याशेजारी आठवडाभर उभी केली की उंदीर बोनेटमध्ये बिऱ्हाड करतात आणि वायरी कुरतडतात. तंबाखूची पानं बांधून ठेवतात आमच्याकडे, फरक पडतो. रोज एकदा बोनेट उघडा आणि पाच मिनिटं इंजिन चालू करा. परत मुंबईला गेल्यावर गाडी खालून धुवा, लाल माती खाचांमध्ये बसते आणि खाऱ्या हवेने पत्रा गंजतो.

अद्वैत_वाकड
इलेक्ट्रिकवाल्यांसाठी काय? गिअरच नाही मग काय खाली टाकणार. पुण्याहून आंबोली करून वेंगुर्ल्याला जाणार आहे, वर आजऱ्याला पूर्ण चार्ज करून उतरायचा बेत आहे.

सुमेध_स्टुटगार्ट
पूर्ण चार्ज करून उतरू नकोस, तिथेच गंमत आहे. तुझ्या गाडीत इंजिन ब्रेकिंगचं काम रीजन करतं, मोटर जनरेटर होऊन वेग खाते आणि ती वीज बॅटरीत जाते. बॅटरी १०० टक्के असेल तर वीज जायला जागा नाही, मग गाडी रीजन कमी करते आणि सगळं पुन्हा साध्या ब्रेकवर येतं. त्यात गाडी पेट्रोलवालीपेक्षा जड. आजऱ्याला ८० टक्क्यांच्या आसपास थांबव, घाटाआधी रीजनची सगळ्यात जास्त लेव्हल लाव, आणि दुपारच्या आत उतर, आंबोलीत पावसात संध्याकाळी धुकं उतरलं की बोनेट पण दिसत नाही.

अद्वैत_वाकड
हे शोरूममध्ये कुणी सांगितलं नव्हतं. वेंगुर्ल्यात चार्जर कुठे चालू आहे कोणाला माहितीये का? ॲपवर दोन दिसतायत, पण एकाखाली लोकांनी बंद आहे म्हणून लिहिलंय.

कोल्हापूरकर
सावंतवाडीत करून घे आधी, मग निवांत खाली जा.